अभिराम नावाचं नेट

न्हाय न्हाय, मोबाईल बंद करू नका मधीच, तसाच राहू द्या टेबलावर, राऊटरशेजारी — हां. आता काम काय हाय ते सांगतो, म्हंजे तुमास्नी वाटायला नको की हा उगंच येळ काढतोय. तुमच्या ह्या मोबाईलात नेट येतंय, बरोबर? येतंय, खरं ते मोबाईलापुरतं. त्यात आता मी एक सॉफ्टवेअर टाकलंय, त्यानं मोबाईल हवेत नेट सोडतोय — हॉटस्पॉट म्हणत्यात त्याला — पण मोबाईलचा जीव तो केवढा, ह्या खोलीतनं त्या खोलीत गेलं की दम संपला. म्हणून हा राऊटर. राऊटरनं मोबाईलकडनं नेट घ्यायचं आन् घरभर वाटायचं, वर माडीवर, मागं गोठ्यात, म्हशीला बी नेट. हसताय? खरंच सांगतोय. गोची अशी की राऊटर केलेला असतोय टेलिफोनच्या वायरीचं नेट घ्यायला, आन् तुमच्या मळ्यात तिकडं गारगोटीला वायरच न्हाय — मग त्याला शिकवायला लागतंय की बाबा रे, वायर इसर, हा मोबाईल दिसतोय न्हवं, ह्याचं नाव पाठ कर, ह्याचा पासवर्ड पाठ कर, हा दिसला की ह्यालाच जोडून घे. एकदा पाठ झालं की झालं. मग तुमी मोबाईल घेऊन काशीला जाऊन या, घरात पाय ठेवला की दोघं एकमेकाला वळखत्यात. सगळ्या राजारामपुरीत हे करून देणारा मी एकटा हाय, पावणं. बोर्ड वाचलासा न्हवं बाहीर — शिवप्रसाद कॉम्प्युटर्स. तो शिवप्रसाद मीच.

घ्या. गेली लाईट. अडीच वाजलं न्हवं, आज मंगळवार, लोडशेडिंगची आमच्या भागाची पाळी. आता साडेतीनबिगर येत न्हाय. बॅटरी हाय, खरं ती नुस्ती पंख्यापुरती, राऊटर त्यावर चालंना. बसा की, जाताय कुटं उन्हाचं, च्या सांगतो. — ओ कृष्णात, दोन च्या, एक बिनसाखरंचा! — शुगर हाय मला, चौतिसाव्या वर्षी शुगर, आमच्या घरात सगळ्यांस्नीच हाय. बरं, आता मला एक सांगा. गारगोटीत हे काम कुणाला जमत नसंल हे मला मान्य. खरं तुमी स्टँडवर उतरल्यापास्नं हितवर पाच दुकानं लागत्यात कॉम्प्युटरची. ती सगळी सोडून तुमी माझ्याकडंच आलासा, आन् स्टुलावर बूड टेकायच्या आधी इचारलंसा, नागाप्पा अडत्यांचं घर ह्याच गल्लीत का म्हणून. आवं, गुळाच्या अडत्याशी राऊटरवाल्याचं काय काम? चौकशीला आलायसा तुमी. लाजताय कशाला, रीतच हाय ती. पोरगी बघायच्या आधी चौकशी नको? पोरीच्या घरच्यांस्नी इचारून काय कळणार, ते सोनंच म्हणणार. पयलं लोक वाण्याला इचारायचे, इस्त्रीवाल्याला इचारायचे. आता मला इचारत्यात. कॉम्प्युटरवाला घरात आतवर जातोय, पोरगी कुणाशी बोलती, काय लिहिती, सगळं त्याच्या हाताखालनं जातंय. तुमी काय पयलं न्हाय. कुणी माऊस घ्यायला आलं, कुणी कोरी सीडी मागायला आलं. तुमी निदान खरं काम घेऊन आलाय, त्याबद्दल मान हाय बघा.

शिवांजली. व्हय, एकच पोरगी नागाप्पा मालकांची. आई लहानपणीच गेली, आत्यानं वाढवली — अक्काताई, मालकांची बहीण, घरात तिचंच चालतंय. पोरगी बीएस्सी हाय, एकोणतीस पुरी झाली असंल, कागदावर सव्वीस असंल तर बघा, त्यात माझं काय न्हाय. आन् तुमचा पोरगा? भाचा न्हवं, बहिणीचा — सोमेश — पुण्यात सॉफ्टवेअर. व्हय, म्हायती हाय मला. मालकांनीच सांगितलं. परवा रस्त्यात गाठलं मला आन् हात धरून म्हणाले, शिवा, गारगोटीचं स्थळ आलंय, हे जमलं की मी सुटलो. गेल्या दिवाळीत झटका येऊन गेला त्यांस्नी, आता जिना चढवत न्हाय. ह्याच्या आधी तीन स्थळं येऊन परत गेली, कारण कुणी सांगंना, मग माणूस आतनं खचतोयच की. म्हणजे आता असं हाय बघा — तुमी आज बहिणीला फोन करणार, ठीक हाय म्हणणार, रविवारी पोरगा बघायला येणार. तुमी नको म्हटलासा की संपलं. ह्याच्यापुढं त्या पोरीला बिजवर बघायची पाळी. एवढं तुमच्या एका फोनावर हाय. म्हणून मी जपून बोलणार. एखाद्याच्या पोरीबद्दल तोंड उघडायचं म्हंजे जबाबदारीचं काम हाय.

पोरगी चांगली हाय.

काय? न्हाय, चांगली हाय म्हटलं की. तुमी आसं माझ्या तोंडाकडं बघू नका. शिकलेली हाय, दिसायला बरी हाय, मोठ्या माणसांस्नी मान देती. सोमवारी कपिलतीर्थाला भाजी घ्यायला जाती ती थेट घरी येती. आता गेली दोन वर्सं थेट घरी येती असं म्हणूया. त्याच्या आधीचं — जाऊ द्या. त्याच्या आधीचं सगळ्यांचंच असतंय काय ना काय, तुमचं नसंल काय? न्हाय, मी काय म्हणत न्हाय. मी बोललोच न्हाय असं समजा. च्या आला बघा, घ्या, बिनसाखरंचा इकडं द्या.

आता तुमी लईच आग्रह करताय म्हणून. खरं माझं नाव निघायला नको. शपथ घ्या — न्हाय, शपथ नको, तुमी आपल्यातलंच, तुमच्यावर इश्वास हाय. लॅपटॉप हाय तिच्याकडं. दोन हजार सातला मालकांनी घेऊन दिला, पयला लॅपटॉप ह्या गल्लीतला. त्यात व्हायरस शिरला, माझ्याकडं आणून टाकला, दोन दिवस हितंच हुता, तुमी बसलाय त्या स्टुलाच्या मागं. आता लॅपटॉपाचं बी राऊटरागतच असतंय बघा — एकदा ज्या नेटाला जोडला त्या नेटाचं नाव तो पोटात ठेवतोय. माणूस इसरतोय, मशीन इसरत न्हाय. मी यादी उघडली. कामच हाय ते, मुद्दाम उघडली न्हाय. यादीत घरचं नेट. कॉलेजचं नेट. आन् खाली तिसरं नाव — अभिराम.

अभिराम म्हंजे कोण? आता ते मी कशाला सांगू. कोपऱ्यावरचं पिवळं घर बघितलंसा येताना, दारात सोनचाफा? लीलाबाई म्हणून हायत, शाळेत शिकवायच्या, आता रिटायर. त्यांचा पोरगा अभिराम. इंजिनेर, गोरापान, घारं डोळं. बामण. आता बामणाच्या घरातल्या नेटाचं नाव अडत्याच्या पोरीच्या लॅपटॉपात कसं गेलं? नुस्तं घरापुढनं गेलं तर नाव दिसतंय, पोटात बसत न्हाय. पोटात बसायला पासवर्ड लागतोय. म्हंजे लॅपटॉप घेऊन आत जायला लागतंय, बसायला लागतंय, घरातल्या माणसानं पासवर्ड टाकून द्यायला लागतोय. मी काय म्हणतो का की त्यानंच दिला? मी बघायला गेलतो काय? मी फक्त यादी सांगितली तुमास्नी. यादी खोटी असत न्हाय. किती येळा जोडला ते बी तिथं कळतंय म्हणा. लई येळा. दुपारची. एक ते तीन, शाळा-हापिसं असत्यात, गल्लीत कुत्रं नसतंय तवा.

पोरगा तिथंच राहतोय का? येतो-जातो. मोठ्या शिकलेल्या पोरांचं काय, आज हितं उद्या तिथं. ते महत्त्वाचं न्हाय. मला त्यात पडायचं न्हाय. मी तर म्हणतो, लगीन करून टाका, पोरगी सुधारती संसारात. न्हाय? तुमी घाम पुसायला लागलासा. पंखा वाढवू का?

तुमास्नी सांगतो, हे काम लई नाजूक असतंय. एक जयसिंगपूरचा आलता, शहाणा, सरळ इचारलं, पोरीचं काय लफडं हाय का? मी म्हटलं, अजिबात न्हाय, कोण म्हणतंय? कुणी म्हटलं तुमास्नी? तो घाबरला, म्हणाला न्हाय न्हाय, कुणी न्हाय. झालं. घरी जाऊन त्यानं काय सांगितलं असंल? की तिथं इचारलं तर माणूस एकदम चमकला. निपाणीच्या पार्टीला तर मी बोललोच न्हाय. त्यांनी नाव काढलं, मी खाली बघितलं, आन् हातातली कामं चालू ठेवली. एवढंच. खाली बघायला काय लागतंय?

हां — आली. पंधरा मिंटं आधीच आली, नशीब तुमचं. बघा आता, राऊटरचे दिवे लागले, एक, दोन, तिसरा लुकलुकतोय म्हंजे त्यो शोधतोय. मोबाईल इकडं सरकवा. नाव काय ठेवूया तुमच्या नेटाचं? असंच कायतरी घराचं नाव, पोराचं नाव, लोकांस्नी सोपं पडतंय. सोमेश ठेवू? ठेवतो. आता पासवर्ड. न्हाय, तुमी नका सांगू, मीच टाकतो. लिहून? लिहून देत न्हाय मी. कुणालाच देत न्हाय, नियम हाय आपला. आवं, पासवर्ड लिहून दिला की आजचा दिवस, उद्या शेजारी-पाजारी, परवा सगळी वाडी तुमच्या जिवावर नेट वापरती. ह्या आठ गल्ल्यांत जेवढी नेटं मी बसवली, एकाचा बी पासवर्ड घरच्यांस्नी ठाऊक न्हाय. नवीन लॅपटॉप आला, नवीन मोबाईल आला — शिवाला बोलवा. मी जाणार, कीबोर्डवर असा डावा हात आडवा धरणार, टाकणार. दहा सेकंदाचं काम, खरं माझ्याबिगर न्हाय. माझ्या हाताशिवाय ह्या गल्लीत एक मशीन दुसऱ्याच्या घरच्या नेटात शिरलेलं न्हाय, लिहून घ्या. कुणाला न्हाय ठाऊक. मालकांस्नी न्हाय, गल्लीतल्या डॉक्टरांस्नी न्हाय, लीलाबाईंस्नी तर दिसतच न्हवतं बिचाऱ्यांस्नी, आन् अभिराम तर तवा —

काय झालं?

कप खाली ठेवा की. सांडला बघा.

काय इचारलंसा? कुणी टाकला म्हंजे? कशात? — व्हय व्हय, कळलं. कळलं मला. हळू बोला, बाहीर कृष्णात हाय.

बरं. मी टाकला. आता आसं डोळं वटारून काय होणार हाय, पावणं? मीच टाकला, ह्याच हातानं. अभिराम तवा अमेरिकेत हुता. दोन हजार सहालाच गेला, तवापास्नं एकदा बी आला न्हाय, आईच्या डोळ्यांचं आपरेशन झालं तवा बी न्हाय. काचबिंदूनं डोळं गेलतं बाईंचं. घरात एकट्या. आन् ही शिवांजली त्यांची जुनी विद्यार्थिनी, लॅपटॉप घेऊन जायची दुपारची — तिकडं त्या येळंला मध्यरात्र असती, तो उशिरा हापिसातनं आलेला असतोय — लावून द्यायची. बाईंस्नी पोराचा आवाज यायचा, तोंड दिसायचं न्हाय. मग ही सांगायची. बाई, दाढी वाढवलीया त्यानं. बाई, शर्ट निळा हाय. मागं खिडकीत बर्फ पडलाय. आता हसला. असं. मी पयल्या दिवशी तिथंच हुतो, मीच जोडून दिलं, नेटाला पोराचं नाव ठेव म्हणून बाईंनीच सांगितलं. बाई रडायला लागल्या तशी हिनं आपल्या ओढणीनं त्यांचं तोंड पुसलं. मी बघितलं की. मला काय वाटलं ठाऊक हाय? मला वाटलं, हिच्याशी लगीन करावं.

हसा. हसा की, आता कशाला थांबलाय. माझे अप्पा मालकांच्या अडतीवर तोलार हुते, ढेपा तोलायचे, सतरा वर्सं. पण मी माझं दुकान टाकलं की. डिप्लोमा अर्धा राहिला, खरं दुकान माझं हाय, जात एकच, लिंग एकच गळ्यात. अव्वाला पाठवलं — माझी आई — नारळ आन् साखर घेऊन. अक्काताईनं तिला जिन्याखाली बसवलं, जिथं मोलकरणी चपला काढत्यात तिथं. च्या दिला. आन् नारळ अव्वाच्या पिशवीत परत घालत म्हणाली, तोलाराच्या पोराला आमची पोरगी, हे कुठं बोलू नका हो, तुमचंच हसं होईल. असं बघा, आमच्याच भल्यासाठी सांगितलं. अव्वा चालत घरी आली. रिक्षाला पैसं हुते तिच्याकडं, तरी चालत आली.

न्हाय, त्याचं न्हाय एवढं. आमास्नी सवय हाय त्याची. पुढचं ऐका. तिसऱ्या दिवशी त्यांच्या घरनं फोन — नेट चालंना, शिवाला पाठवा. गेलो की मी. गिऱ्हाईक हाय, न जाऊन करतोय काय. टेबलाखाली वाकून वायर बघत हुतो आन् ही च्या घेऊन आली. शुगर नुकतीच निघालती मला, तिला कुठनं कळलं कुणास ठाऊक, कप ठेवला आन् म्हणाली — दादा, साखर घातली न्हाय, आत्याला सांगितलंय मी, तुमचा च्या येगळा करत जा म्हणून. दादा. मी तिच्या तोंडाकडं बघितलं, म्हटलं आता हिला लाज वाटंल, न्हाईतर राग येईल, कायतरी दिसंल. कायच न्हाय. तिला ठाऊकच न्हवतं, पावणं. माझी आई येऊन गेली हे तिला घरात कुणी सांगितलंच न्हवतं. सांगायच्या लायकीचं वाटलं न्हाय कुणाला. नको म्हणायला तरी माणूस इचारात घ्यायला लागतोय की न्हाय?

म्हणून म्हटलं, ठीक हाय. दादा म्हणालीस न्हवं. मग दादाला इचारूनच ठरू दे तुझं लगीन.

निपाणीचं मोडलं तवा खरंच सांगतो, मी मुद्दाम केलं न्हाय. खाली बघितलं ते आपोआप. खरं जेव्हा कळलं की मोडलं, तवा मी रात्री पोटभर जेवलो. संकेश्वरची पार्टी आली तवा मग ही यादी सांगितली. तिसऱ्याला, त्या जयसिंगपूरच्याला, निस्तं चमकून दाखवलं, बाकीचं त्यानं स्वतः पुरं केलं. ती मागल्या म्हयन्यात दुकानावर आलती, प्रिंट काढायला. वाळलीया. म्हणाली, दादा, कुणीतरी आमचं वाईट बोलतंय, तुमच्याकडं एवढी माणसं येत्यात, तुमच्या कानावर काय आलं तर सांगाल का? मी म्हटलं, सांगीन की. तिनं हात जोडले. पाच पानं हुती, पैसं घेतलं न्हाय मी. का घेतलं न्हाय? आता ते मला बी सांगता यायचं न्हाय.

काय? बोला की. पाप लागंल? लागलंय की कवाच. तुमी मारा मला वाटल्यास, तुमी वयानं मोठं. पोलिसात जाताय? जावा. काय सांगणार — ह्यानं खाली बघितलं म्हणून?

बरं, मोबाईल घेताय. घ्या. कुणाला लावताय? बहिणीला. लावा. एक सांगून ठेवतो, फोन लावला की ह्याचं नेट थांबतंय, फोन न्हाईतर नेट, दोन्ही एका टायमाला जमत न्हाय त्याला. राऊटरचा तिसरा दिवा इझंल आता, घाबरू नका, बिघडलं न्हाय. फोन ठेवला की परत येतंय. — इझला बघा. — लागला का? वाजतोय? ऐका, पावणं, माझं नाव घ्यायचं तर घ्या. घ्या, माझी ना न्हाय. मी थकलोय बघा. सांगा त्यांस्नी, पोरगी सोनं हाय म्हणून सांगा. एका आंधळ्या बाईला तिच्या पोराचं तोंड सांगायला जायची म्हणून सांगा. दुकानदार हरामखोर निघाला म्हणून सांगा. रविवारी येतो म्हणा. म्हणा की —

...

दुसरं बघूया म्हणालासा.

न्हाय, मी ऐकलं. ‘नको, आपुण दुसरं बघूया’ — हेच म्हणालासा न्हवं? का? आवं पण मी आता तुमास्नी सांगितलं की सगळं. खोटं हाय ते. सगळंच्या सगळं खोटं हाय, पासवर्ड मी टाकला, पोरगा अमेरिकेत, बाई आंधळी, तुमी समद्या गल्लीत फिरून इचारा. लीलाबाईंस्नी इचारा, दहा पावलांवर घर हाय, मी येतो संगं. दुकान उघडं टाकून येतो. तुमचा इश्वास न्हाय बसला?

बसला? मग?

काय म्हणालासा? परत म्हणा.

‘लोकं बोलणारच.’ — कुठली लोकं? — ‘तीन ठिकाणी मोडलंय.’ खरं ते मी मोडलं, पावणं, आता काय मी पायावर डोकं ठेवू तुमच्या? — ‘खरं-खोटं कोण बघत बसतंय.’ — ‘उद्या भाच्याला कुणी म्हटलं तर.’ — ‘आपल्याला काय पोरींची कमी हाय.’

न्हाय. बरोबर हाय. तुमचं बरोबर हाय.

म्हंजे मी आज कायच बोललो नसतो तरी तुमी — तीन मोडली म्हटल्यावर — व्हय. ते तुमी येतानाच म्हायती करून आला हुता. निस्तं कुणीतरी कारण द्यायला पायजे हुतं. मघाशी घाम पुसलासा ते मला वाटलं पोरीसाठी.

आता बघा. मला सहा वाजता तिकडंच जायचं हाय, मालकांच्या घरी. रविवारी पोरगा लॅपटॉप घेऊन येईल, सॉफ्टवेअरवाला हाय, हॉलमधी नेट नीट पायजे म्हणून निरोप हाय त्यांचा. ती बिनसाखरंचा च्या घेऊन येणार. इचारणार, दादा, गारगोटीचं कुणी आलतं का तुमच्याकडं? काय सांगू तिला? तुमी सांगा की. तुमी एवढं शहाणं, सांगा, काय सांगू?

तुमी तर खालीच बघायला लागलासा.

द्या, राऊटरचा खोका द्या इकडं, पिशवीत घालून देतो. वायर बी आत घालतो. पैसं नकोत. म्हटलं न्हवं नकोत, ठेवा ते खिशात. तिसरा दिवा बघा, लागला, फोन ठेवल्या ठेवल्या धरलं त्यानं. घरी जाऊन निस्तं बटण दाबायचं, मोबाईल शेजारी ठेवायचा. चालतंय नेट तुमचं. जावा आता.